पालथं पडण्याचा तास

जगातल्या यच्चयावत तान्ह्या बाळांना शिस्त लावता येते, लावता येत नाही ती फक्त त्यांच्या आईबापांना, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटली. वेस्ट विंडसरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या ह्या काकू नागपूरच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, मुलाकडे अमेरिकेत आल्या आणि वर्षभरात त्याच्या घराच्या तळमजल्यावर पाळणाघर काढून मोकळ्या झाल्या. दोन हजार चारच्या सुमाराची ही गोष्ट. माझी दीड वर्षांची मुलगी, एका तमिळ जोडप्याची जुळी मुलं आणि एक सहा महिन्यांचं बाळ एवढाच त्यांचा पट. आम्ही त्याला पाळणाघर म्हणायचो, त्या वर्ग म्हणायच्या. बाळालासुद्धा वेळापत्रक होतं: पहिला तास पालथं पडण्याचा, दुसरा खुळखुळ्याकडे बघण्याचा. एकदा मी मुलीला न्यायला जरा लवकर पोचलो, तर "तास सुरू आहे, बाहेर थांब" असं सांगून त्यांनी मला थंडीत पोर्चमध्ये उभं केलं. आत तास कसला, तर चमच्यानं पातेलं बडवण्याचा! आणि मी एका बड्या कंपनीतला टीम लीड, निमूटपणे उभा राहिलो.

अशातच काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीतून फोन आला. पाळणाघराच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि तो वाढवून देण्याआधी एक बाई घर आणि मुलांचे उपक्रम बघायला येणार होत्या. मी थट्टा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "नापास झाले तर मी नागपूरला परत जाईन, बापा. मुलगा-सून लाख चांगले आहेत. पण दिवसभर सोफ्यावर बसून संध्याकाळ व्हायची वाट पाहत राहणं माझ्याच्यानं होत नाही."

मग काकूंनी जी कंबर कसली! शाळातपासणीचा तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव त्यांनी त्या चार चिमुरड्यांवर ओतला. काउंटीच्या माहितीपुस्तकात बारीक वस्तू चालणार नाहीत असं होतं, म्हणून राजमा निवडण्याचा उपक्रम रद्द करून कांदे-बटाटे वेगळे करण्याचा आला. त्यात जुळ्यांपैकी एकानं कच्चा कांदा चावला आणि दोघंही रडले. पाळण्यात उशी नको, हा नियम मात्र त्यांच्या जिव्हारी लागला. बाळाच्या डोक्याखालची मोहरीची उशी काढताना त्या पुटपुटल्या, "डोकं चपटं झालं तर काउंटी येणार आहे का गोल करायला?" पण काढली. शनिवारी त्यांनी रंगीत तालीम घेतली आणि तपासनीस केलं मला. मी टाय लावून, फाइल घेऊन दारातून आत आलो की मुलांनी हात जोडायचे, असं ठरलं होतं. माझ्या मुलीनं मला बघून "बाबा, गो होम" असं स्वच्छ सांगितलं. काकूंनी मलाच पुन्हा बाहेर पाठवलं, माझं येणं म्हणे तपासनिसासारखं वाटत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी काकूंचा मुलगा गावाला गेला होता, म्हणून मी रजा टाकून सोबतीला गेलो. काकूंनी सगळ्यांना फोन करून पोरांना उजाडताच आणायला लावलं होतं. शाळेत तपासणीच्या सकाळी शेवटची उजळणी घ्यायची पद्धत असे, तशी त्यांनी इथेही घेतली, तीही दोनदा. कांदे-बटाटे झाले, हात जोडणं झालं, पातेलं झालं. काउंटीच्या बाईंना यायला उशीर झाला. त्या दारात पोचल्या तेव्हा काकूंचा अख्खा वर्ग गाढ झोपला होता.

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून माझ्या मुलीच्या खांद्याला हात लावला. एक हाक मारली असती तर पोरगी उठली असती आणि ठरलेलं सगळं दाखवता आलं असतं. काकू तशाच वाकून राहिल्या, मग त्यांनी हात काढून घेतला आणि पोरीचं पांघरूण नीट केलं. तेवढ्यात काउंटीच्या बाईंनी दिव्याच्या बटणाकडे हात नेऊन मोठ्यानं काहीतरी विचारलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "नो टॉकिंग, प्लीज. चिल्ड्रन आर स्लीपिंग."

त्यांचा तो आवाज मी ओळखत होतो. त्या बाईंनी मुकाट्यानं हात मागे घेतला. पुढचा अर्धा तास त्या चवड्यांवर चालत घरभर फिरल्या. पाळण्यात उताणं झोपलेलं बाळ त्यांनी बघितलं, कपाटांची कुलुपं बघितली, भिंतीवरचं वेळापत्रक वाचताना त्यांना हसू आवरेना. जाताना दारात कुजबुजल्या, की परवाना वाढवला आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या नातवालाही असं कुणीतरी मिळायला हवं होतं.

दार लावून काकू मुलांच्या मध्ये सतरंजीवर येऊन बसल्या. हातात काही काम नसलेल्या काकू मी प्रथमच बघत होतो. चेहऱ्यावरून पदर फिरवत त्या म्हणाल्या, "एवढं केलं, अन् तिला एकही तास दाखवता आला नाही रे."

"पास झालात ना, काकू!"

"ते झालं," त्या म्हणाल्या. मग झोपलेल्या पोरांकडे बघत अगदी हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तिला वेळेवर यायला सांगू."

अमेरिकेत आल्यापासून काकूंच्या तोंडून 'पुढच्या वर्षी' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला गलबलून आलं, आणि बोलायची तर बंदीच होती.