बोटीत थुंकणारे प्रमुख पाहुणे

मंडळी, दुपारपासून घास उतरत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

आज तलावावर आमच्या विद्यापीठाच्या रोइंग क्लबची शर्यत होती. बोटीत आम्ही अनवाणी बसतो, म्हणून आम्ही चौघींनी ती सकाळीच घासूनपुसून ठेवली होती.

प्रमुख पाहुण्यांना बोटीत बसून फोटो हवा होता. आमच्या प्रशिक्षक सरांनी आमच्यातल्या पाचोडच्या शीतलला उठवलं. साहेब बुटांसकट तिच्या जागी बसले, वल्हं धरून हसले. फोटो झाला आणि उठता उठता त्यांनी गुटख्याची पिचकारी मारली. पाण्यात नाही, बोटीत. शीतल जिथं पाय रोवते, बरोबर तिथं.

सर म्हणाले, "पाणी मारा अन् बसा लवकर. पाहुणे आहेत."

शीतल शांतपणे म्हणाली, "जे थुंकले त्यांनीच धुवावं, सर. नायतर मी बसत नाय."

"पोरगी लई तापट दिसते," म्हणत साहेब खुर्चीकडं गेले. आम्ही तिघीही शीतलशेजारी काठावर बसलो. दुसरी बोट एकटीच गेली आणि कप घेऊन आली. त्या कपासाठी आम्ही वर्षभर पहाटे उठलो होतो. रडू आलं, पण जागचं कुणी हललं नाही.

आत्ता सरांचा मेसेज आलाय, उद्या साहेबांच्या घरी जाऊन माफी मागा, नाहीतर क्लब सोडा.

शीतलनं उत्तर दिलं, "बोट अजून तशीच हाय, सर. साहेबांनाच तलावावर बोलवा. बादली मी आणते."

मीही तिच्यासोबत तलावावरच जाणार आहे. तुम्ही माफी मागितली असती का?