गोठ्यातलं कॅल्शियम

आमची आत्या पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. अवसरी बुद्रुकला तिचा गायींचा गोठा. उभा जन्म त्यात गेलेला, त्यामुळे माणूस आणि जनावर यांत तिला फारसा फरक वाटत नसे. मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या होणाऱ्या बायकोचीही पापणी तिने ओढली आणि भर बैठकीत निकाल दिला, "रक्त बरं हाय. अंग बारीक हाय, पण सरकी-पेंडीनं भरंल." त्या पेंडीवरून बायको मला अजून ऐकवते.

गाय व्याली की आत्या तिला कॅल्शियम पाजायची. त्या पांढऱ्या, घट्ट औषधाचा मोठा कॅनच गोठ्यात असे. व्याल्यावर बसलेली गाय उठून वैरणीला लागली की आत्या म्हणायची, "हाडाचा खुराक हाय ह्यो. दवा न्हाई."

साठीनंतर तिला ब्लडप्रेशर निघालं. मंचरच्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी एक गोळी दिली, ती आत्या नेमाने घ्यायची. पुढे गुडघे कुरकुरू लागले. कोणीतरी म्हणालं, कॅल्शियम कमी झालं असेल. मग काय, काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालतो?

काही आठवड्यांत आत्या उतरली. सारखी तहान, पोट साफ नाही, अन्नावर वासना नाही. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एके दिवशी तिने मला "पावणं, कुठनं आला?" असं विचारलं. ज्या बाईने मला अंगाखांद्यावर खेळवलं, ती मला ओळखत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळीशिवाय आणखी काही घेता?"

"न्हाई." आत्या खोटं बोलत नव्हती. खुराक औषधात कसा धरायचा?

रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं. कुठून आलं ते कळेना. तेव्हा तिची सून हळूच म्हणाली, "डॉक्टर, औंदा गाई दोनच व्याल्या, पण कॅन तळाला गेलाय."

मग डॉक्टरांनी समजावलं. आत्याची गोळी लघवीतून पाणी काढते, पण कॅल्शियम अंगातच धरून ठेवते. त्यात वरून रोज टोपणभर गायीचा खुराक. अजून थोडे दिवस गेले असते तर मूत्रपिंडं आणि हृदय दोन्ही धोक्यात आली असती.

गोळी थांबवली, कॅन बंद झाला, सलाईन लागलं. चार दिवसांनी मी गेलो तर आत्या उठून बसली होती. "डबा काय आणलाय?" तिने विचारलं. मला इतका आनंद झाला की बाहेर जाऊन डोळे पुसून आलो.

लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. गावभर तिने स्वतःच सांगितलं, "गाईचं कॅल्शियम दुधातनं जातंय. माझं कुठनं जायाचं, राव? साठत गेलं." ऐकणारे हसायचे, तीही हसायची. पण कोणी गुडघ्यासाठी काही घेतो म्हटलं, की विचारायची, "डाक्टरला इचारलंस का?"

त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा डॉक्टर भेटायला आले होते. म्हणाले, "आता मी प्रत्येक पेशंटला विचारतो, गोठ्यातलं काही घेता का? बहुतेक हसतात." मग म्हणाले, "पण अधूनमधून एखादा मान खाली घालतो."