घर सोडायला नवरा लागतो

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसते. ट्रक एकदा रिकामा चढतो, एकदा भरलेला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे गेल्या वर्षी एका दुपारी रोजच्या ट्रकचं रिकामं वजन सत्तर किलो जास्त दिसलं, तेव्हा मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागच्या चाकांपासून हातभर अंतरावर, काट्यावरच, आमचे हे झोपले होते. मला डबा द्यायला निघाले होते, वाटेत कुठेतरी थांबले होते.

ड्रायव्हरने गाडी मागे घेतली असती तर काय झालं असतं, ते लिहायला नको. मला खटकलं ते वेगळंच. मी आधी पावतीतले सत्तर किलो वजा केले आणि मग त्यांना उठवायला गेले.

त्या दिवशी मला त्यांची नाही, माझी भीती वाटली. लग्नाला चोवीस वर्षं. या काळात त्यांनी दारू चौदा वेळा सोडली. सगळ्यांत लांब मुदत एक्केचाळीस दिवसांची, तीही पायाला प्लास्टर होतं म्हणून. मुलगी नोकरीसाठी नाशिकला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, आकडे मला नको सांगूस, स्वतःला सांग." मी सांगितले आणि भाड्याचं घर बघायला लागले.

नवीन पनवेलमधल्या एजंटने विचारलं, "किती मेंबर?"

"एक."

"सिंगल लेडी? ओनर लोक ऐकत नाहीत हो, मॅडम. मिस्टरांना एकदा दाखवा, मग बघू."

"अहो, मिस्टरांना सोडायचं म्हणूनच घर हवंय."

"ते नंतर सोडा ना! आधी दाखवा."

खोटं बोलायचं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना मी यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटचा घास संपवला.

"म्हणजे तू मला सोडणार, आणि त्यासाठी मी यायचं?"

"हो."

"इस्त्रीचा शर्ट घालू?"

आम्ही निघालो. हे पूर्वी न्हावा शेव्याला क्रेनच्या देखभालीवर होते. ती नोकरी बाटलीत गेली, पण ठोकून बघायची सवय राहिली. सकाळी त्यांच्याइतका चोख माणूस पनवेलमध्ये सापडणार नाही. पहिल्या घरात त्यांनी भिंतीवर बोटं वाजवली आणि मालकासमोरच म्हणाले, "ओल आहे. घेऊ नकोस." दुसऱ्या घरात फ्लशची टाकी गळत होती. तिसऱ्यात म्हणाले, "वरचा मजला, पाणी चढणार नाही." मालक माझ्याकडे बघायचे, एजंट छताकडे.

मला संशय आला. मी घर सोडू नये म्हणून हे खुसपटं काढत असणार. रविवारी मी एकटीच तिन्ही घरं पुन्हा बघून आले. पहिल्या भिंतीला हात लावला तर रंगाचा पापुद्रा तळहाताला चिकटून आला. दुसऱ्या घरातली टाकी खरंच गळत होती. तिसऱ्या घरात बादली भरायला नऊ मिनिटं लागली. या माणसाने दारूबद्दल मला शेकडो थापा मारल्या असतील, भिंतीबद्दल एकही नाही.

चौथं घर जुन्या पनवेलमधलं. मालक बरीच वर्षं कुवेतला राहून परतलेले, पांढऱ्या दाढीचे; एजंट त्यांना चाचा म्हणायचा. यांनी सगळे नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून लावल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली. चाचा म्हणाले, "बेटी, एकच शर्त आहे. घरात शराब चालणार नाही. भाईसाहेब, जुबान द्या."

यांनी छातीवर हात ठेवला. "माझ्याकडून इथे एक थेंबही नाही. शंभर टक्के."

एवढा खरा शब्द त्यांनी आयुष्यात दिला नसेल. पण मला राहवेना. "चाचा, हे इथे राहणार नाहीत. मी एकटीच राहणार."

"मग यांना आणलंत कशाला?"

"एजंट म्हणाला, दाखवा."

चाचा ठसका लागेपर्यंत हसले. मग यांच्याकडे वळले. "पिता?"

"पितो."

"आणि हिला घर बघून देताय?"

"हिला ओल कळत नाही हो."

चाचा तयार झाले, पण साक्षीदार म्हणून यांचाच अंगठा हवा म्हणाले. उद्या नवरा दारात येऊन भांडायला लागला तर हातात कागद असावा. त्यांचं बरोबरच होतं.

कराराच्या दिवशी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन त्याच घरी आला. तोंडाला वास येऊ नये म्हणून यांनी आदल्या दुपारपासून घेतली नव्हती. त्याचा परिणाम बोटांवर दिसत होता. यंत्राने अंगठा नाकारला. एकदा, दोनदा, तीनदा.

"काका, हात स्थिर ठेवा."

"माझा स्थिरच आहे. तुझं यंत्र थरथरतंय."

सगळे हसले. मलाही हसू आलं. माझ्यासाठी हा माणूस वीस तास कोरडा राहिला होता. मग पंधराव्यांदा का नाही, असं मनात आलंच. करार अजून मोडता आला असता. एक शब्द पुरला असता. पण हलत्या ट्रकचं वजन आमचा काटा घेत नाही. गाडी थांबेपर्यंत थांबावं लागतं. मी चोवीस वर्षं थांबले होते.

मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि अंगठा यंत्रावर दाबला. या वेळी उमटला.

"तूच दाबलास," ते हळूच म्हणाले.

"हो. मीच."

चाचांनी सवयीने दोन्ही चाव्या पुरुषाच्या हातात दिल्या. यांनी एक माझ्या तळहातावर ठेवली, दुसरी शर्टाच्या खिशात टाकली.

"दुसरी," मी म्हणाले.

"असू दे की माझ्याकडे. नळ गळला तर?"

"गळला तर फोन करीन."

"मी उचलीन?"

"सकाळी केला तर उचलाल."

ते हसले. खिशात बोटं घालून चावी शोधायला त्यांना बराच वेळ लागला. "मोजून घेतेस काय गं?"

"दोनच तर आहेत," मी म्हणाले आणि हात पुढेच ठेवला.