काकूंच्या दिव्याभोवतीचे रंग

शिवकांताकाकू पूजेला बसल्या की पापणी लवू देत नसत. परभणीत आमची भिंतीला भिंत. दिवेलागणीला त्या खोलीतली वीज बंद करायच्या, एक समई तेवढी ठेवायच्या, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढायच्या आणि गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरायच्या. मग दारावरून वाजतगाजत वरात गेली तरी नजर हलायची नाही. त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन किराणा दुकानाची किल्ली मागायला आला, तर पूजा संपेपर्यंत दारातच ताटकळायचा. लहानपणी मी एकदा मध्येच बोलले होते. पूजा आटोपल्यावर म्हणाल्या, "बघायचं तर नीट बघावं बाई. न्हाई तर सरळ झोपावं."

हे वाक्य त्या कशालाही लावत. घाईघाईत तांदूळ निवडणाऱ्या सुनेला, टीव्हीपुढे जेवणाऱ्या मुलाला आणि साडीच्या दुकानात उगीच घड्या मोडायला लावणाऱ्या मलाही. तोंडाने फटकळ, पण गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांचाच यायचा.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या यंत्रावर काम करते, याचं त्यांना भारी कौतुक. म्हणूनच असेल, एकदा मला ओट्यावर जवळ ओढून त्या हळूच म्हणाल्या, "कोणाला बोलू नको. सांच्याला पूजेत दिव्याभवती रंग दिसायलेत. इंद्रधनुष्यावानी, गोल. लय भाग्य लागतं माय त्याला."

चेहरा नुसता उजळला होता. मी विचारलं, "आणि डोकं दुखतं का हो?"

"दुखतं की. भुवईवर ठणकतंय. देव काय फुकट भेटतो व्हय?"

दिव्याभोवती अशी रंगीत कडी दिसणं आणि मागोमाग ठणका, हे मी दवाखान्यात ऐकलेलं होतं.

दवाखान्याचं नाव काढताच काकू बिथरल्या. "देवानं दिलं त्याला औषध कामून?" शेवटी, डोळ्याला कुणी हात लावणार नाही, नुसता फोटो काढायचा, या बोलीवर आल्या. अंधाऱ्या खोलीत मी त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली. "जरा वर, काकू. त्या ठिपक्याकडे बघा." बाकीची माणसं सारखी डोळे मिचकावतात, काकू पूजेला बसल्यासारख्या बसल्या. एक फोटो दिवा लावून उजेडात घेतला, एक अंधारात. इतका स्थिर डोळा त्या यंत्रावर मी पुन्हा पाहिला नाही.

आमच्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो काकूंपुढे धरले. डोळा मधोमध कापून पाहावा तसं त्यात आतलं सगळं दिसतं. डोळ्यात पाणी सारखं तयार होतं आणि कडेच्या कोनातून त्याचा निचरा होतो. उजेडात काकूंचा तो कोन अरुंद, पण उघडा होता. अंधारात बाहुली मोठी झाली होती आणि बुबुळाचा पडदा कडेला चिकटून तो कोन मिटला होता.

"पाणी तुंबलं की दाब वाढतो, म्हणून रंग दिसतात," डॉक्टर म्हणाले. "एखाद्या दिवशी ही वाट बंद झाली आणि उघडलीच नाही, तर काचबिंदूने नजर जाईल. लेझरने पडद्याला बारीक छिद्र पाडू. उशीर नको."

काकू फोटोकडे बघत राहिल्या. "म्हंजे रंग खोटे?"

कुणाच्या देव्हाऱ्यातला देव उचलून आणल्यासारखं वाटलं मला. काकू उठल्या आणि घरी गेल्या. संध्याकाळी त्या पुन्हा अंधारात बसतील, या धास्तीने मी दिवेलागणीला ओट्यावर येऊन उभी राहिले.

पण शेजारच्या खिडकीत ट्यूबलाईटचा उजेड दिसला. दुसऱ्या संध्याकाळीही तसाच. मग एका सकाळी पदर खोचून काकू माझ्या दारात उभ्या. "चल तुझ्या डॉक्टरकडं."

"काय झालं?"

"बत्ती लावून पूजा केली. समई बी होती. रंग काही येईनात. उजेडाला भेणारा कसला गं देव?" म्हणाल्या आणि हसल्या, पण डोळे भरून आले होते.

लेझर झालं. काही दिवसांनी पुन्हा फोटो काढला, तेव्हा अंधारातही वाट उघडी होती. त्या संध्याकाळी काकूंनी वीज बंद करून पूर्वीसारखी समई ठेवली. मी ओट्यावर वाट बघत बसलेली. त्या बाहेर आल्या, शेजारी टेकल्या.

"आले न्हाईत रंग."

मग गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घेत त्या म्हणाल्या, "इतके दिस मी दिव्याकडंच बघायलते गं. हातातलं राहूनच गेलं."

गेल्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत होत्या. त्यांच्या लिंगायतांत बसवून न्यायची रीत. भिंतीला टेकवून, मांडी घालून त्यांना बसवलं होतं, कपाळावर तेच तीन पट्टे. मल्लिकार्जुनने आईच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, पण हात घसरून मांडीवर आला. मला राहवलं नाही.

"जरा वर घे भैय्या," मी म्हटलं. "काकूंना नीट दिसू दे."

त्याने तो हात खालून उचलला आणि आईच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर धरून ठेवला.