ढगाला हात जोडले तेव्हा

केदारनाथला निघालो तेव्हा मनात भक्ती कमी आणि भांडण जास्त होतं. लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि नव्या जिल्ह्यालाही जुनाच दुष्काळ भेटला होता. रेणापुरात माझं कापडाचं दुकान. आदल्या उन्हाळ्यात बायको गेली. मूलबाळ नाही. संध्याकाळी दुकान बंद करून घरी यायचं नको वाटे. आम्ही लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचो, पण हात चालायचे, मन नाही. आता कुणासाठी जगायचं, एवढंच महादेवाला तोंडावर विचारायचं होतं.

सोबत उदगीरचे एक आप्पा होते, बाजारातली ओळख. दर्शन झालं, उत्तर काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही देवळामागचा चढ थोडा चढलो. वैशाखातही तिथं बर्फ होता. सकाळी फरशीसारखा टणक. ऊन चढलं तसा पाय गुडघ्यापर्यंत आत जाऊ लागला. तेवढ्यात डोंगरामागून काळाकुट्ट ढग वर आला.

"चला अण्णा खाली. ढग लई वंगाळ दिसायलाय," आप्पा म्हणाले.

"वंगाळ? अहो, आपल्याकडं असला ढग बघून किती दिस झाले! तुम्ही व्हा म्होरं, मी आलोच."

हा वेडेपणा आमच्याकडचाच माणूस करू जाणे. ढग दिसला की आमचे हात आपसूक जोडले जातात. तिथले लोक ज्याला पाहून पळतात, त्याची वाट बघत मी दगडावर बसून राहिलो.

ढग आला तो बर्फ घेऊनच. बघता बघता देऊळ दिसेना, स्वतःचे पाय दिसेनात. उठलो तर कमरेपर्यंत रुतलो. खरं सांगतो, मी हाक मारलीच नाही. इथंच संपलं तर रेणापुरात वाट बघणारं कोण आहे, असं वाटलं. इतकं एकटं मला रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

मग वरून, जिथून कुणी यायचं कारण नव्हतं, आवाज आला, "कोई है?"

विचार करायच्या आत मी ओरडलो, "मी हाय! हितं हाय मी!"

धुक्यातून एक माणूस घसरत उतरला. पायांना लांब फळ्या, हातांत काठ्या, तोंडाला फडकं, डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हाळ्यातही असे लोक बर्फावरून घसरायला डोंगरात येतात, हे मला नंतर कळलं. त्यानं मला ओढून काढलं. मग फळ्या आडव्या दाबत तो उतारावर पायऱ्या करत गेला, आणि मी त्यांत पाऊल टाकत गेलो. देवळाची घंटा ऐकू आली. खाली आप्पा डोळ्यांत पाणी आणून उभे होते. त्यांना मिठी मारून मागं वळलो, तर तो निघून गेला होता. त्याचं नाव विचारायचंही राहिलं.

तो कोण होता, याचा वाद मी घालत नाही. मी देवाला जाब विचारायला गेलो आणि विचारलं त्यानंच, "कोई है?" घर अजून रिकामं आहे, आड कोरडा आहे. पण सकाळी लिंग तळहातावर घेतलं की आता काही मागत नाही. फक्त म्हणतो, "मी हाय, महादेवा." बाकीचं त्याच्याकडं.