टायरवर उभी राहणारी सुभद्राबाई

गोरेगावात मोटारसायकलचं टायर बदलायचं तर दोन गोष्टी लागतात, असं लोक म्हणतात: मुंजाजीचे हात आणि त्याच्या बायकोचं वजन. लोक चेष्टेनं म्हणतात, पण खोटं नाही म्हणत.

मुंजाजी अंगानं म्हणजे नुसता काटक्यांचा भारा. घराच्या अंगणात पत्र्याची सावली केलीय, तेच त्याचं दुकान. पाटी नाही की बोर्ड नाही. लिंबाच्या फांदीला एक जुनं टायर टांगलंय, तेवढ्यावर गिऱ्हाईक येतं. चाक खोलणं, लोखंडी टामी घालून टायर काढणं, नवं चढवणं, हे तो गप्पा मारता मारता करतो. अडतं ते एकाच जागी. उन्हात तापून तापून टायरची कड रिमला अशी घट्ट चिकटते की ती सुटल्याशिवाय टामी आत शिरतच नाही. ती कड टाचेनं दाबून सोडवायची असते. आणि मुंजाजी तिच्यावर नाचला तरी ती ढिम्म हलत नाही.

म्हणून बावीस वर्षांपूर्वी त्यानं पहिल्यांदा आत हाक मारली होती, "अगं, जरा येतीस का भायेर?" सुभद्राबाई आली. अंगापिंडानं भरलेली बाई. तिनं पदर खोचला, आडव्या ठेवलेल्या चाकावर चढली, टाच बराबर कडेवर रोवली आणि तोल जाऊ नये म्हणून खाली बसलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. कट्ट करून कड सुटली. त्या दिवसापासून तीच कामाची रीत झाली.

आता खरं सांगायचं तर मुंजाजीला कड सुटण्यापेक्षा तो हात जास्त आवडला. गावात नवरा-बायको बाजाराला निघाले तरी चार पावलं मागं-पुढं चालणार. चारचौघांत बायकोनं नवऱ्याला हात लावला तर पारावर आठवडाभर तोच विषय. पण टायरवर चढलेली बाई पडू नये म्हणून खांदा धरते, त्याला कोण काय म्हणणार? म्हातारी सासू होती तेव्हा समोर बसून शेंगा फोडायची, तीही कधी काही बोलली नाही. अख्ख्या गोरेगावच्या देखत मुंजाजी रोज चार-सहा वेळा हे सुख लुटत होता आणि कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

पण औंदा सुभद्राबाईचा गुडघा धरला. चाकावर चढताना ती "आई गं" म्हणायची आणि मुंजाजीचा जीव कसनुसा व्हायचा. तेवढ्यात पोरगा शिवहार सुट्टीवर आला. तो वाळूजला कंपनीत वेल्डिंगचं काम करतो. माय लंगडताना दिसली आणि त्यानं बापाला फैलावरच घेतलं.

"बा, मायला काहून चढवून राहिले चाकावर? पाय जाईल तिचा."

पोरगं नुसतं बोलून थांबलं नाही. दोन दिवसांत त्यानं एक यंत्र तयार केलं. जाड फळी, तिच्या एका टोकाला लोखंडी खांब, खांबाला दोन हात लांब दांडा आणि दांड्याखाली बोथट पातं. चाक फळीवर ठेवायचं, दांडा दाबायचा, पातं कड सोडवणार. "फळी तेवढी चार बोल्टांनी कोब्यात पक्की बसवा," जीपमध्ये चढता चढता तो म्हणाला, "बोल्ट मायपाशी दिलेत."

मुंजाजीनं मान डोलावली. गुडघा वाचणार याचा त्याला आनंद होता, अगदी मनापासून. पण आता खांद्यावर हात कशाला येईल, हेही त्याच्या मनातून जाईना. पन्नाशीच्या माणसानं असल्या गोष्टीचं वाईट वाटून घ्यावं याची त्याला लाजही वाटली.

सकाळी त्यानं विचारलं, "बोल्ट कुठं हायेत गं?"

"ठेवले की कुठं तरी," सुभद्राबाई भाकरी थापत म्हणाली. "आता सापडून न्हाई राहिले."

तोवर सोनाजी मेंढरंवाला गाडी ढकलत आला. मागचं टायर पार गुळगुळीत झालेलं. मुंजाजीनं चाक खोललं, फळीवर ठेवलं आणि दांड्यावर जोर दिला. कड राहिली जागच्या जागी, खांबाकडचं टोकच हातभर वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"मुंजाजीभाऊ, तुमची मशीन तुमच्यावानीच हलकी हाय," सोनाजी हसत म्हणाला. "मी ऱ्हाऊ का त्या टोकावर उभा?"

"सरका तुमी," पिठाच्या हातांनी सुभद्राबाई बाहेर आली. "परक्याच्या वजनाचा काय भरोसा."

ती खांबापाशी फळीवर उभी राहिली. फळी जमिनीपासून जेमतेम चार बोटं उंच, पाटासारखी सपाट. गुडघ्यानं कुरकूर केली नाही. मुंजाजी बाजूला वाकून दांडा दाबणार, तोच त्याच्या खांद्यावर हात आला.

मुंजाजी थांबलाच. इथं तोल जायचा प्रश्न नव्हता. एवढ्या रुंद फळीवर लेकरूसुद्धा पडलं नसतं. तरी हात आला, आणि कट्ट करून कड सुटल्यावरही थोडा वेळ राहिला. टायर चढवेपर्यंत मुंजाजी शीळ घालत होता. त्याच्या काळ्या-मळक्या सदऱ्यावर पिठाची पाच बोटं उमटली होती.

सोनाजी गेला आणि मुंजाजीला स्वतःचाच राग आला. आपल्याला बरं वाटतंय म्हणून दुखऱ्या पायाच्या बाईला किती दिवस बाहेर बोलवायचं? बोल्ट आजच बसवायचे, असं ठरवून तो आत शिरला. सुभद्राबाई परसात होती. त्यानं फडताळ पाहिलं, ट्रंक पाहिली, देवघराची फळी पाहिली. मग त्याला ज्वारीची कोठी आठवली. जी वस्तू कधीच हरवू नये असं सुभद्राबाईला वाटतं, ती कोठीच्या तळाशी जाते. तिचं डोरलं तिथं, घराचे कागद तिथं, शिवहारच्या दहावीची मार्कलिस्टसुद्धा तिथंच.

त्यानं कोपरापर्यंत हात खुपसला. तळाशी एक पुरचुंडी लागली, दोन गाठी मारलेली. आत चार बोल्ट.

मुंजाजी कोठीपाशी खाली बसला आणि एकटाच हसत राहिला, डोळ्यांत पाणी येईतो. बावीस वर्षं त्याला वाटत होतं की ही मजा आपल्या एकट्याचीच आहे. मग त्यानं पुरचुंडीला तशाच दोन गाठी मारल्या, होती तिथं ठेवली आणि वरून ज्वारी सारखी केली.

सुभद्राबाई आत आली तेव्हा शिवहारचा फोन चालू होता. "बा, बसवले का बोल्ट?"

"न्हाई रे. घरभर हुडकलं," मुंजाजी म्हणाला. "कुठंच न्हाईत."

सुभद्राबाईनं ज्वारीच्या धुळीनं कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या त्याच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं. तिनं फोन स्वतःकडं ओढला. "दुसरे धाडू नको बरं का लेकरा. मशीन लई चांगली केलीस. गुडघ्याला काईच तकलीफ न्हाई."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. मुंजाजी खांद्यावरचं पीठ न झटकताच उठला. तो बायकोला हाक मारणार होता, पण ती त्याच्या आधीच पदर खोचून अंगणात उतरली होती.