काही होत नाही

कोथरूडच्या त्या सोसायटीत राजकारण काढायचं नाही, असा नियम होता. आणि प्रेमलाताई पावसाबद्दल बोलल्या की राजकारणच निघायचं, आता बोला!

ताई तळमजल्यावर राहायच्या, मागच्या नाल्याला लागून. नवरा संभाजीराव अर्धांगवायूने पलंगाला खिळलेले. गेल्या पावसाळ्यात बघता बघता पाणी उंबऱ्याला टेकलं, तेव्हापासून बाईंची झोप उडाली ती उडालीच. आभाळ भरलं की त्या खिडकीतून नाला बघत बसायच्या. पाणी घरात शिरलं तर त्या धिप्पाड माणसाला एकट्या कशा उचलणार होत्या?

वरच्या मजल्यावर चेअरमन अनिरुद्धरावांच्या मुलाचा फ्लॅट रिकामा होता, मुलगा परदेशी. पावसाळ्यापुरती तिथं सोय झाली असती. पण मागायचं कसं? ते सत्ताधारी पक्षाचे कट्टर, आणि ताई विरोधकांच्या प्रचाराला उन्हातान्हात फिरलेल्या. मीटिंगमध्ये ताईंनी "हवामान बदललंय हो" म्हटलं, की ते चष्म्यावरून बघायचे.

"हवामान तुमच्या पक्षाचं बदललंय. पाऊस पूर्वीही पडायचा. काही होत नाही."

लोक हसायचे. ताई तरी कुठं कमी! "नाल्यावर स्लॅब टाकून फीत तुमच्याच साहेबांनी कापली ना?" असं ऐकवायच्या. झालं, नाला राहायचा बाजूला आणि दोघं निवडणूक लढवत बसायचे.

गणपतीत एका दुपारी अंधारून आलं, पाऊस कोसळू लागला आणि नाल्याचा आवाज बदलला. ताई धापा टाकत जिना चढल्या. पाठ केलेलं सगळं भाषण विसरल्या.

"अहो अनिरुद्धराव, मला भीती वाटते हो," एवढंच बोलल्या आणि रडू फुटलं.

आता टोमणा येणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली. टोमणा आला नाही. अनिरुद्धराव आत जाऊन किल्ली घेऊन आले.

"फ्लॅट मे महिन्यातच झाडून ठेवलाय," ते म्हणाले. "चला, संभाजीरावांना आत्ताच वर आणू. चौघांना हाक मारतो. ताई, झोप मलाही लागत नाही. पण मीटिंगमध्ये कसं बोलणार?"

किल्ली हातात आली, पण ताईंची भीती गेली नाही, उलट वाढली. वर्षभर या माणसाशी तावातावाने भांडताना मनातून त्या देवाला एकच विनवत होत्या, की खरा तोच ठरू दे. काही होत नाही, असं म्हणणारं बिल्डिंगमध्ये एकच माणूस होतं. आता तेही उरलं नाही.